सात नंबरचं मशीन: वाडीच्या गोडाऊनमधल्या अडखळत्या नेटवर्कचं प्रकरण

२२ मे २०२३, सोमवार. दुपारी अडीचच्या सुमारास नागपूरजवळच्या वाडीहून फोन आला. "साहेब, तुम्ही तो डबा लावला ना, तवापासून पोट्ट्यायच्या मशीनी अटकून राहिल्या जी."

डबा म्हणजे फायरवॉल, आतलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा पहारेकरी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो मीच बसवला होता, त्यामुळे 'कंपनीला फोन करा' म्हणून सुटायची सोय नव्हती.

ग्राहक औषधांचे घाऊक वितरक. हिशेबाचं ऑफिस धंतोलीत, माल वाडीला. अमरावती रोडला लागून ट्रान्सपोर्टवाले आणि गोडाऊनं यांची जी दाटी आहे, तिच्यातच यांचं पत्र्याच्या छताचं मोठं गोडाऊन. बिलिंगसाठी सहा विंडोज पीसी, आणि रॅकमधून माल काढताना बॅच नंबर आणि एक्सपायरी तपासायला हातात धरायचे २४ अँड्रॉइड स्कॅनर. सगळे स्कॅनर वायफायवर, वायफाय फायरवॉलच्या मागे, फायरवॉलच्या पुढे लीज्ड लाइन, म्हणजे फक्त यांच्यासाठी भाड्याने घेतलेली इंटरनेटची लाइन. त्या लाइनवर चार-पाच स्थिर आयपी पत्ते मिळालेले, पण वापरात एकच. गोडाऊनमधलं सगळं काही नॅट होऊन, म्हणजे आतला पत्ता फायरवॉलवर बदलून, त्या एका पत्त्यावरूनच बाहेर पडायचं. स्टॉकचं सॉफ्टवेअर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर. तो सर्व्हर सॉफ्टवेअर बनवणारे सांभाळत. मला तिथे प्रवेश नव्हता.

तक्रार अशी: स्कॅनचं बटण दाबलं की कधी झटकन टिक येते, कधी चक्र फिरत राहतं, आणि ३० सेकंदांनी ॲप हात टेकून लाल पट्टी दाखवतं. सकाळी त्रास कमी. दुपारी तीननंतर, दुसऱ्या दिवशीच्या गाड्या भरायला लागल्या की जास्त. फायरवॉल आला एप्रिलच्या सुरुवातीला, त्रास सुरू झाला एप्रिलच्या मध्यावर. बायाबापड्यांनाही पटेल असा पुरावा होता.

मंगळवारी सकाळी पोचलो. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, वर पत्रा. पहिला संशय अर्थातच उन्हावर: डबा तापतो आणि दुपारी गळपटतो. डब्याच्या आतलं तापमान दिवसभर नोंदवलं. वाढत होतं, पण बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या बरंच खाली. प्रोसेसर निवांत, मेमरी निवांत. कनेक्शनची नोंद ठेवणारं टेबल भरलं की नवी कनेक्शन गळतात, हा नेहमीचा आजार. इथे टेबल जेमतेम शेकडाभर ओळींनी भरलेलं. पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स दोन्ही टोकांना जुळत होते, चुकलेल्या फ्रेम शून्य. मग तपासणीची सगळी कलमं (व्हायरस, घुसखोरी, ॲप ओळखणं) एकेक करून बंद केली. काही फरक नाही. एवढ्यात अर्धा दिवस गेला, आणि त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पिंग, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी साधी चाचणी, मात्र मला चिडवत होता. वाडीहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतची फेरी २२ मिलिसेकंद, दिवसभरात एकही पॅकेट हरवलं नाही. लाइन ठणठणीत आणि ॲप लटकलेलं.

दुपारनंतर कोणाच्याही सांगण्यावर न जाता मोजायचं ठरवलं. लॅपटॉप थेट स्विचला वायरने जोडला, म्हणजे वायफाय प्रश्नातून बाद. दर दोन सेकंदांनी सर्व्हरशी नवं कनेक्शन उघडायचं, छोटीशी विनंती करायची, उत्तर देऊन सर्व्हरनेच कनेक्शन बंद करावं असं सांगायचं, आणि नुसतं कनेक्शन जुळायला किती वेळ लागला तेवढा आकडा फाइलमध्ये लिहायचा, अशी चार ओळींची स्क्रिप्ट. तासाभराने आकडे चढत्या क्रमाने लावले.

बहुतेक आकडे ०.०२ सेकंद. उरलेले १.०२. मग ३.०२. मग ७.०२. थोडे १५.०२. आणि यांच्या मध्ये काहीच नाही. दीड सेकंद नाही, दोन नाही, साडेचार नाही.

या जागी मी चहा मागवला. लाइन खरोखर मंद असती तर आकडे पसरले असते, सांडलेल्या पाण्यासारखे. इथे तर जिन्याच्या पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्या कुठल्या आहेत हे ओळखीचं होतं. टीसीपी म्हणजे दोन मशीनांनी आपसात कनेक्शन जोडून बोलायची पद्धत. तिचं कनेक्शन उघडताना पहिलं पॅकेट जातं ते सिन. त्याला उत्तर आलं नाही तर माझ्या लॅपटॉपवरचा लिनक्स एक सेकंद थांबून ते पुन्हा पाठवतो. मग दोन सेकंद, मग चार, मग आठ, दर वेळी दुप्पट. म्हणजे सुरुवातीपासून मोजलं तर १, ३, ७, १५. पहिली वाट एका सेकंदाची, हे २०११ च्या आरएफसी ६२९८ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरलं. त्याआधी ती तीन सेकंदांची होती. सांगायचा मुद्दा, इथे काही 'स्लो' नव्हतंच. काही सिन पॅकेटं कुठेतरी गडप होत होती, आणि ज्याला लोक मंदपणा म्हणत होते ते म्हणजे पुढच्या सिनची वाट पाहणं. एकदा जुळलेलं कनेक्शन भन्नाट चालत होतं.

त्यामुळे एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, नेहमीचा संशयही तिथल्या तिथे मिटला. मोठी पॅकेटं वाटेत अडकण्याचा तो रोग कनेक्शन जुळल्यावर दिसतो. सिन असतं साठ बाइटचं, ते कुठल्या फटीतून जाणार नाही?

बुधवारी मी जी चूक केली, ती सविस्तर सांगतो, कारण ती करताना मला फार हुशार वाटत होतं. लीज्ड लाइनच्या स्विचवर लॅपटॉप फायरवॉलला वळसा घालून थेट लावला आणि मोकळ्या आयपींपैकी एक त्याला दिला. तीच स्क्रिप्ट, तोच सर्व्हर, ऐन दुपार. दोन तासांत एकही पायरी नाही. सगळे आकडे ०.०२. वायर परत फायरवॉलच्या मागे लावली, पायऱ्या हजर. पुन्हा थेट, पुन्हा स्वच्छ. तीन वेळा उलटसुलट करून पाहिलं.

यावरून शाळकरी पोरगंही तोच निष्कर्ष काढेल जो मी काढला. मालकांना सांगितलं, डब्यातच दोष दिसतो. ते म्हणाले, "मग मोठा घेऊन टाका, कोटेशन पाठवा." मी म्हणालो, आधी माझ्याकडचा दुसऱ्या कंपनीचा एक जुना डबा रात्री लावून पाहू.

लावला. गुरुवारी सकाळी नऊला काम सुरू झालं आणि दहा वाजता पहिली लाल पट्टी आली.

दोन वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या सॉफ्टवेअरचे डबे एकच चूक एकाच लयीत करतील, हे काही खरं नाही. मग बुधवारच्या प्रयोगात नेमकं काय बदललं होतं? फायरवॉल काढला, असं मी समजत होतो. खरं तर मी दोन गोष्टी काढल्या होत्या: फायरवॉल आणि गर्दी. लॅपटॉप थेट बसला तेव्हा त्याचा पत्ताही वेगळा झाला, आणि त्या पत्त्यावर तो एकटा होता. हे मला गुरुवारी सकाळी सुचलं असं म्हणायला आवडलं असतं. सुचलं ते दुपारी, आणि तेही एका बाचाबाचीनंतर.

झालं असं की बुधवारी रात्री लॅपटॉपची बॅटरी संपून तो बंद पडला होता. गुरुवारी दुपारी चालू केला, फायरवॉलच्या मागे लावला, स्क्रिप्ट सोडली. आकडे एकदम स्वच्छ. ०.०२, ०.०२, ०.०२. काल इथेच तर पायऱ्या होत्या! मी चक्रावून बघत असतानाच गोडाऊनचे सुपरवायझर काका तावातावाने आले.

"काय करून राहिले तुम्ही? एकही मशीन चालून नाही राहिली!"

"एकही नाही?"

"एक नाही. सात नंबरही अटकली."

सात नंबर म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. गोडाऊनमध्ये सात नंबरचं मशीन 'लकी' म्हणून प्रसिद्ध होतं. सगळ्यांची लटकायची, सात नंबर कधी लटकायचं नाही. ते कोणी वापरायचं यावरून पोरांमध्ये भांडणं होत. आज पहिल्यांदा तेही अडकलं होतं. मी स्क्रिप्ट थांबवली. साधारण मिनिटभराने काकांच्या खिशातल्या वॉकीटॉकीवर आवाज आला, चालू झालं म्हणून. पुन्हा सोडली, पुन्हा सगळं ठप्प. थांबवली, मिनिटभराने पुन्हा सुरू. या सगळ्या गोंधळात बिलिंगच्या सहा पीसींवर मात्र कुणाची तक्रार नव्हती. ते निमूट बिलं छापत होते.

दोन सेकंदांतून एक चिमुकली विनंती करणारा लॅपटॉप चोवीस स्कॅनर लोळवतो, पण सहा पीसींना धक्का लावत नाही. हे बँडविड्थचं काम नव्हे. कुठेतरी कोणीतरी आमच्या पत्त्याबद्दल काहीतरी मिनिटभर लक्षात ठेवत होतं, आणि त्यावरून ठरवत होतं की पुढच्याला आत घ्यायचं की नाही.

शुक्रवारी दोन्ही बाजूंनी पाहिलं. हे खरं तर मंगळवारीच करायला हवं होतं. मूळ फायरवॉल परत लावला, त्याच्या आतल्या पोर्टवर आणि बाहेरच्या पोर्टवर एकाच वेळी टीसीपीडम्प (येणारीजाणारी पॅकेटं टिपणारा प्रोग्राम) लावला, दोन्हींची घड्याळं तीच. लाल पट्टी आली की वेळ टिपून घ्यायची आणि त्या वेळेची पॅकेटं शोधायची. आतून सिन आलं. बाहेर तेच सिन, पत्ता बदलून, एक मिलिसेकंदाच्या आत निघालं. उत्तर नाही. एका सेकंदाने दुसरं सिन आत, दुसरं बाहेर. उत्तर नाही. फायरवॉल आपलं काम इमानेइतबारे करत होता. पॅकेट गिळणारा त्याच्या पलीकडे होता.

आता दोन उरले: लाइनवाले किंवा सर्व्हर. पण त्याआधी उत्तर मिळालेली आणि न मिळालेली सिन पॅकेटं मी शेजारी शेजारी ठेवली, ओळ न् ओळ. लांबी सारखी, पर्याय सारखे, फरक एकाच ठिकाणी. प्रत्येक स्कॅनरच्या सिनमध्ये टाइमस्टॅम्प नावाचा एक आकडा होता. सात नंबरचा आकडा सुमारे ३५ कोटी ४२ लाख. ज्यांना उत्तर मिळत नव्हतं त्यांचे आकडे लहान. एकाचा तर फक्त ९० हजारांच्या घरात. आणि पीसींच्या सिनमध्ये हा आकडा नव्हताच.

हा आकडा काय आहे? टीसीपीमध्ये दोन्ही बाजू आपापल्या घड्याळाचा आकडा पॅकेटवर चिकटवू शकतात. १९९२ च्या आरएफसी १३२३ ने ही सोय आणली. फेरीला किती वेळ लागतो ते नीट मोजता यावं, आणि वाटेत भरकटलेलं जुनं पॅकेट नव्यात मिसळलं तर ओळखता यावं, या दोन कामांसाठी. हे घड्याळ म्हणजे सकाळचे किती वाजले ते सांगणारं घड्याळ नव्हे. जुन्या लिनक्स कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; अँड्रॉइडच्या आतही तोच असतो) तो आकडा मशीन सुरू झाल्यापासून वाढत जातो. हे स्कॅनर अँड्रॉइड ९ चे, आतला कर्नल ४.९, आणि लागोपाठच्या पॅकेटांवरून दिसत होतं की आकडा सेकंदाला शंभराने वाढतो. ३५ कोटी ४२ लाखांना शंभराने भागा आणि दिवस काढा: ४१ दिवस. शुक्रवार होता २६ मे. ४१ दिवस मागे गेलं की १५ एप्रिल.

स्कॅनर १५ एप्रिललाच वापरात आले होते. आंबेडकर जयंतीची सुटी संपली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मशीनं वाटली, हे काकांना पक्कं आठवत होतं. म्हणजे सात नंबर तेव्हापासून एकदाही बंद झालं नव्हतं. का, ते मशीन हातात घेतल्यावर कळलं: पहिल्याच आठवड्यात ते पडलं होतं आणि पॉवरचं बटण आत दबून बसलं होतं. स्क्रीन बाजूच्या स्कॅनच्या बटणाने उजळते, रात्री चार्जिंगच्या रॅकवर असतं, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. फक्त ते रीस्टार्ट करता येत नव्हतं.

आणि बाकीच्या तेवीस मशीनांचं काय? ती लटकायची. लटकली की पोरं काय करतात? चार्जिंगच्या रॅकशेजारी पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलंच होतं: 'मशीन हँग झाल्यास बंद करून चालू करावे.' दर रीस्टार्टला त्या मशीनचा आकडा पुन्हा तळाशी जायचा, आणि ते आणखी लटकायचं. तो पुठ्ठा, प्रामाणिकपणे सांगतो, मीच एप्रिलमध्ये फोनवर दिलेल्या सल्ल्यावरून लिहिला गेला होता.

आता सर्व्हर लहान आकड्यावर का रुसतो, हे उरलं. हे वागणं कशाचं असावं याचा अंदाज आला होता. सर्व्हरने एखादं कनेक्शन स्वतःहून बंद केलं की त्याची नोंद तो काही काळ टाइम-वेट अवस्थेत ठेवतो. लिनक्समध्ये ६० सेकंद. भरकटलेली पॅकेटं तेवढ्यात मरून जावीत म्हणून. वर्दळीच्या सर्व्हरवर अशा नोंदींचा ढीग दिसतो, आणि ढीग दिसला की कोणाला तरी तो साफ करावासा वाटतो. लिनक्समध्ये त्यासाठी एक कळ होती, टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल. ती १ केली की नोंदी लवकर टाकून दिल्या जातात आणि त्यांच्या जागी सर्व्हर समोरच्या आयपी पत्त्याचा फक्त शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवतो. पुढच्या ६० सेकंदांत त्याच पत्त्यावरून त्याहून लहान आकड्याचं सिन आलं तर ते जुनं, भरकटलेलं समजून गुपचूप टाकून देतो. ना नकार, ना लॉगमध्ये ओळ.

एका वाड्यातून बाहेर पडणाऱ्या सगळ्यांच्या मनगटावर एकच घड्याळ असणार, असं धरून चालणारा हा दरवान. वाड्यात एकच माणूस राहत असेल तर ते खरंही आहे. नॅटच्या मागे चोवीस जण चोवीस घड्याळं घेऊन राहत असतील तर ज्याचं घड्याळ सर्वांत पुढे त्याचं राज्य. सात नंबरचं ४१ दिवस पुढे होतं.

बाकीची कोडीही मग एकामागून एक सुटली. विंडोज १० आपणहून टाइमस्टॅम्प पाठवत नाही, म्हणून पीसींना दरवान हटकतच नव्हता. आणि म्हणूनच स्कॅनर येईपर्यंत इतकी वर्षं कोणाला काही जाणवलं नव्हतं. सर्व्हर रिकामं कनेक्शन पाच सेकंदांनी बंद करायचा. एका रॅकवरून दुसऱ्या रॅककडे चालत जाईपर्यंत पाच सेकंद सहज उलटतात, म्हणून पोरांना दर थोड्या वेळाने नवं कनेक्शन उघडावं लागे आणि दर वेळी दैवाची परीक्षा. सकाळी माणसं कमी, म्हणून साठ सेकंदांची शांतता अधूनमधून मिळायची. दुपारी ती मिळायची नाही. माझ्या लॅपटॉपचा कर्नल नवा, ५.१५. नव्या कर्नलमध्ये या आकड्यात एक यादृच्छिक भर घातलेली असते आणि ती मशीन सुरू होताना नव्याने ठरते. मंगळवारी माझ्या वाट्याला लहान आकडा आला, गुरुवारच्या रीस्टार्टनंतर सात नंबरहूनही मोठा. दर दोन सेकंदांनी तो मोठा आकडा सर्व्हरच्या डोक्यात ताजा करत मी अख्ख्या गोडाऊनला बाहेर उभं केलं होतं. पिंगला टाइमस्टॅम्पशी देणंघेणं नाही, म्हणून तो दिवसभर हसतमुख.

सर्व्हरला हात न लावता एक चाचणी करता येत होती. लॅपटॉप दोन-चार वेळा रीस्टार्ट करून मुद्दाम पायऱ्या येतील अशा अवस्थेत आणला, मग त्याच्यावर टीसीपी टाइमस्टॅम्प बंद केले. पायऱ्या त्या क्षणी गेल्या. चालू केले, आल्या. हे पाच वेळा करून पाहिल्यावरच मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला.

फोनवरचा मुलगा सभ्य होता पण तयारीत होता. "सर, आमच्या दुसऱ्या कुठल्याच क्लायंटला हा इश्यू नाही. तुमच्या साइडला फायरवॉल आहे ना?" मी म्हणालो, आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कॅप्चर पाठवतो. दुसऱ्या ग्राहकांना त्रास का नाही तेही सांगितलं: त्यांच्याकडे विंडोजच असेल, किंवा एका पत्त्यामागे एखाद-दुसरंच अँड्रॉइड. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सेल्सवाल्यांचे मोबाइल कधीकधी लटकतात, ते आम्ही नेटवर्कवर ढकलत होतो." मोबाइल कंपन्याही एका आयपीव्ही४ पत्त्यामागे कित्येक ग्राहक बसवतात; तिथेही तोच वाडा, फक्त माणसं अनोळखी.

शनिवारी सकाळी तो सर्व्हरवर बसला, मी फोनवर. आधी काहीही न बदलता नेटस्टॅट -एस चालवायला सांगितलं. त्या लांबलचक यादीत टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेल्या आत येणाऱ्या कनेक्शनांची एक ओळ असते. आकडा लाखांत होता. इकडे वाडीत एका पोराला ताज्या रीस्टार्ट केलेल्या मशीनवर स्कॅन करायला सांगितलं. तिकडे आकडा एकाने, दोनाने, तिनाने वाढला. पोरगं थांबलं, आकडा थांबला. सर्व्हरवरच्या टीसीपीडम्पमध्ये सिन येताना दिसत होतं आणि उत्तर जात नव्हतं. लाइनवाल्यांवरचा उरलासुरला संशय इथे संपला.

मग सेटिंगची फाइल उघडली. टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल, बरोबर, १. वर टीप होती, 'परफॉर्मन्स ट्यूनिंग', तारीख दोन वर्षांपूर्वीची. ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेला होता. ही कळ लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीतून, म्हणजे २०१७ मध्येच, कायमची काढून टाकली गेली. पण सर्व्हर सेंटओएस ७ वर होता, त्याचा कर्नल ३.१०, तिथे ती जिवंत. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या 'सर्व्हर फास्ट करा' पाककृतींमध्ये ती हमखास सापडते. तिच्या शेजारी टीडब्ल्यू_रीयूज नावाची दुसरी कळ असते. ती बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांपुरती आहे, तिने हा घोळ होत नाही. नावातल्या साम्यामुळे दोघींना एकाच माळेत ओवतात.

चालू सर्व्हरवर ० केलं, ते तत्काळ लागू होतं. मग फाइलमधली ओळही काढली, नाहीतर पुढच्या रीबूटला पाहुणा परत. नाकारलेल्यांचा आकडा जिथे होता तिथे थांबला. मुलाने काळजीने विचारलं, टाइम-वेटचा ढीग वाढेल त्याचं काय? थांबून पाहिलं: गर्दीच्या वेळी काही शे नोंदी. सर्व्हरच्या बाजूला अशी नोंद थोडीशी मेमरी खाते, बाकी काही करत नाही. सगळे ग्राहक एकाच दाराने येत असल्यामुळे पोर्ट संपण्याचाही प्रश्न नसतो. ज्या ढिगाला घाबरून कळ दाबली होती तो ढीग कधी अडचण नव्हताच.

शनिवारी संध्याकाळपर्यंत लाल पट्टी आली नाही. स्क्रिप्ट सोमवारी दिवसभर पुन्हा चालवली: सगळे आकडे ०.०२ च्या आसपास, पायरी एकही नाही.

मालकांना मोठ्या फायरवॉलचं कोटेशन मागे घेत असल्याचं कळवलं. बिलात मी तीन दिवसांचे पैसे लावले. बुधवार धरला नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपणार होता, तेव्हा त्याआधी सर्व्हर हलवा, हे सॉफ्टवेअरवाल्यांना लिहून दिलं.

निघताना रॅकशेजारचा पुठ्ठा मी काढायला गेलो तर काकांनी अडवलं. "राहू द्या जी. टीव्हीलाही तेच लागते." सात नंबरचं बटण मात्र त्यांनी दुरुस्तीला पाठवलं, आणि ज्या पोराकडे ते मशीन होतं तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.